समुद्रास मिळणारे पाणी : कोकणातील खाड्यांचे मत्स्यवैविध्य, पारंपरिक मासेमारी व पाणी वळविण्याचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठवाड्यात पाण्याविषयी चर्चा सुरू झाली, मग ती वर्गात असो, प्राध्यापक कक्षात असो वा एखाद्या चर्चासत्रात, की एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : कोकणातले पाणी समुद्रात वाया जाते. या वाक्यामागील वेदना खरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटरवर भागवावे लागते. नार, पार, दमणगंगा, वैतरणा, उल्हास या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळवून त्याचा काही भाग गोदावरी खोऱ्यास द्यावा, अशा योजना कित्येक वर्षे मांडल्या जात आहेत. त्यांतून मराठवाड्याची तहान काही अंशी भागणार असेल तर त्यांना विरोध करण्याचा प्रस्तुत लेखाचा मुळीच हेतू नाही.

तथापि ‘वाया’ हा शब्द प्राणिशास्त्राच्या अध्यापकास खटकतो. नदीचे गोडे पाणी समुद्रास मिळते त्या ठिकाणी खाडी निर्माण होते. त्या खाडीत मासळीची पिल्ले वाढतात आणि त्या मासळीवर किनाऱ्यावरील हजारो कुटुंबे जगतात. म्हणजे ते पाणी आधीच कोणाच्या तरी उपयोगात आहे. त्या उपयोगाची नोंद मात्र पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात होत नाही. हा उपयोग नेमका कोणता, हे विविध विद्याशाखांच्या अध्यापकांना समजेल अशा रीतीने विशद करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

खाडी म्हणजे नेमके काय?

पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करीत नाहीत, खाड्या तयार करतात, हे वाक्य आपण सर्वांनी शालेय भूगोलात पाठ केलेले असते. मराठीत मात्र ‘खाडी’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ठाण्याची खाडी ही प्रामुख्याने जमिनीत शिरलेली समुद्राची शाखा आहे. तिला मिळणारे गोडे पाणी तुलनेने अल्प. याउलट अंबा नदीची धरमतर खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटनची विजयदुर्ग खाडी, सिंधुदुर्गातील कर्ली आणि तेरेखोल, तसेच गोव्यातील मांडवी व जुवारी ही खऱ्या अर्थाने नदीमुखे होत. समुद्राचे पाणी नदीच्या पाण्याने मोजता येईल इतके पातळ झालेले असते असा अर्धबंदिस्त किनारी जलाशय, अशी नदीमुखाची शास्त्रीय व्याख्या करता येईल. प्रस्तुत लेखात खाडी हा शब्द याच अर्थाने योजिला आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण शून्यापासून पस्तिशीपर्यंत कोठेही असू शकते आणि ते दिवसातून दोन वेळा भरती-ओहोटीबरोबर बदलते. याहून मोठा बदल ऋतूंचा असतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवी व जुवारी या जोडखाड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून अशा खाड्यांना त्यांनी मान्सूनी नदीमुखे म्हटले आहे. भर पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळील वरच्या थरातील पाणी जवळजवळ गोडे होते, तर उन्हाळ्यात खारे पाणी नदीतून सुमारे ५० किलोमीटर आत शिरते. समशीतोष्ण प्रदेशातील नदीमुखात ऋतू मुख्यतः तापमानाने ओळखला जातो. आपल्याकडे पाणी बाराही महिने उबदारच असते, त्यामुळे खाडीतील प्राण्यांना ऋतू कळतो तो क्षारतेवरून. हा मुद्दा ध्यानात ठेवावयास हवा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे.

खाडीतील मासे : रहिवासी, हंगामी, पाहुणे व वाटसरू

माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे समुद्रातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील माशाची अडचण नेमकी उलट असते. पाणी त्याच्या शरीरात घुसत राहते, म्हणून तो भरपूर पातळ मूत्र विसर्जित करतो आणि मीठ धरून ठेवतो. खाडीत टिकून राहावयाचे तर ही यंत्रणा काही तासांत उलटसुलट करता आली पाहिजे. हे फार थोड्या माशांना साधते. म्हणून खाडीत जन्मभर राहणाऱ्या जाती मोजक्याच असतात, आणि तरीही खाडीत सापडणाऱ्या जातींची यादी लांबलचक असते. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी खाडीतील माशांचे चार गट करणे सोयीचे ठरते.

पहिला गट रहिवाशांचा. चिखलावर सरपटत, उड्या मारीत फिरणारी निवटी यातली. दक्षिण कोकणात व गोव्यात कालुंदर म्हणून ओळखला जाणारा मासा, शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुरॅटेन्सिस, हाही त्यातलाच. तो खाडीतच प्रजनन करतो आणि नर-मादी मिळून अंड्यांची व पिल्लांची राखण करतात. दुसरा गट हंगामी वस्तीचा, आणि अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. बोय, तांबोशी, मुडदुशी आणि कोळंबीच्या अनेक जाती यांची अंडी समुद्रात किंवा खाडीच्या तोंडाशी पडतात. नखाएवढी पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, कांदळवनाच्या मुळांत व उथळ चिखलवाटांत काही महिने वाढतात आणि अंगाने भरल्यावर पुन्हा समुद्राकडे जातात. समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या कोळंबीचा मोठा भाग असा खाडीत बालपण काढून गेलेला असतो. तिसरा गट पाहुण्यांचा : पावसाळ्यात नदीकडून वाहत येणारे गोड्या पाण्यातील मासे आणि उन्हाळ्यात समुद्राकडून आत डोकावणारे मासे.

चौथा गट वाटसरूंचा, आणि या गटाचा आपल्याशीही संबंध आहे. दख्खनच्या नद्यांत आढळणारा अहीर, म्हणजे अँग्विला बेंगालेन्सिस हा सर्पाकृती मासा, वाढतो नदीत पण अंडी घालण्यासाठी हिंदी महासागरात जातो. त्याची पारदर्शक पिल्ले नदीमुखातून पुन्हा वर चढतात. हिलसा नेमका याच्या उलट, समुद्रातून अंडी घालण्यास नदीत येणारा. आपल्याच गोदावरीच्या मुखाकडे, आंध्र प्रदेशात, पावसाळ्यात नदीत चढणाऱ्या हिलसाला पुलसा म्हणतात आणि त्याला हजारो रुपये भाव येतो. परंतु धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी त्याची वाट संपते. मूळ बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला होता. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, हे आणखी एक उदाहरण. तो शेततळ्यात वाढतो म्हणून आपण त्याला गोड्या पाण्याचा म्हणतो खरे, परंतु त्याच्या अळ्यांना पहिले काही आठवडे मचूळ पाणीच लागते. त्यामुळे मराठवाड्यातील एखाद्या शेतकऱ्याने तळ्यात सोडलेले झिंग्याचे बीजसुद्धा कोठल्या तरी बीजोत्पादन केंद्रात, कृत्रिम खाडीत म्हणा ना, वाढविलेले असते.

या सर्वांत जिताड्याचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. लॅटेस कॅल्कॅरिफर हे त्याचे शास्त्रीय नाव. रायगडात जिताडा, काही भागांत खजुरा, गोव्यात चोणक. पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी त्याचे प्रजनन होते आणि पिल्ले उधाणाच्या पाण्याबरोबर आत शिरून थेट पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांपर्यंत पोहोचतात. हा मासा प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. अर्थात मोठे जिताडे बहुधा माद्याच असतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटातील शेतकरी ही पिल्ले पकडून घराशेजारच्या तळ्यात सोडतात आणि वर्ष-दोन वर्षांनी सणासुदीला किंवा पाहुण्यांसाठी काढतात. समुद्र, खाडी, शेत आणि तळे या चारही ठिकाणांना जोडणारे हे जीवनचक्र पावसाळ्यातील पहिल्या पुरावर अवलंबून आहे. नदीचे पाणी खाली आले नाही तर पिल्लांना वर येण्याची खूण मिळत नाही.

तिथी, भरती आणि जाळे

खाडीतील मासेमारीचे शास्त्र हे मूलतः भरती-ओहोटीचे शास्त्र होय. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातील जुना आडाखा आहे. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, असे हे गणित. चंद्रामुळे भरती दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे खगोलशास्त्रीय सत्यच या आडाख्यात सामावले आहे. गणिताच्या अध्यापकांनी वर्गात आवर्जून सांगावे असे हे उदाहरण आहे.

किनाऱ्याच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना मासेमारीची साधने बदलतात आणि त्याचे कारणही भरतीतच सापडते. मुंबईकडे उधाणाच्या वेळी भरती व ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास, कधी त्याहून अधिक फरक असतो. गोव्याकडे तो सुमारे दोन मीटरवर येतो. जेथे फरक मोठा तेथे प्रवाह जोरकस. म्हणून पालघर, ठाणे, मुंबई, रायगडच्या पट्ट्यात कोळ्यांची डोल चालते. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचे मोठे पिशवीवजा जाळे. ते खुंटांना बांधून तोंड प्रवाहाकडे करून ठेवतात. प्रवाहच मासळी आत आणून टाकतो आणि पाणी फिरण्यापूर्वी, प्रवाह मंदावलेला असतो त्या थोड्या वेळात, ते उपसले जाते. बोंबील, मांदेली, जवळा ही डोलीची मासळी. खाडीच्या आतल्या भागात याचीच लहान आवृत्ती, बोक्षी, लावली जाते. चिखलाच्या पसरट किनाऱ्यावर वाण लावतात : बांबूंच्या रांगेला बांधलेले लांबच लांब जाळे भरतीच्या वेळी उभे करावयाचे आणि ओहोटी झाली की अडकलेली मासळी चिखलातून चालत जाऊन वेचावयाची. दक्षिणेस सिंधुदुर्गाकडे प्रवाह सौम्य असल्याने किनाऱ्यावर ओढावयाची रापण आणि कांडाळ यांचे महत्त्व वाढते. एकट्या माणसाचा पाग मात्र सर्वत्र दिसतो. चिंबोऱ्यांसाठी, ज्यांना दक्षिणेत कुर्ल्या म्हणतात, आमिष बांधलेला फग टाकतात.

जाळ्यांच्या या वर्णनात एक मोठा वर्ग सुटून जातो, तो म्हणजे हाताने वेचणाऱ्यांचा. ओहोटीला खडकावरील कालवे फोडणे, चिखलवाळूतून तिसऱ्या, मुळे काढणे हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांना नौका नाही, परवाना नाही आणि त्यांची मासळी बंदरावर उतरत नाही. मासळीच्या आकडेवारीचा पाया बंदरावर उतरणारी मासळी हा असल्याने खाडीतील ही उपजीविका आकड्यांत फारशी उमटत नाही. जे मोजले जात नाही त्याची नुकसानभरपाई ठरविता येत नाही; अर्थशास्त्राच्या अध्यापकांना हे वेगळे सांगावयास नको.

यावर असे म्हटले जाईल की, पारंपरिक मच्छीमारही निर्दोष नाहीत. ते खरे आहे. डोल व बोक्षी यांच्या शेपटाकडील जाळीचे आस इतके बारीक असतात की वाढीस आलेली पिल्लेही त्यात मरतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींसाठी पकडावयाच्या माशाचा किमान आकार निश्चित केला, तो याच चिंतेतून. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना लागू असते, बिनयांत्रिक पारंपरिक नौकांना नाही. त्यामुळे पिल्ले खाडीत शिरण्याच्या ऐन काळात खाडीतील जाळी चालूच असतात. तरीसुद्धा एक भेद करणे आवश्यक वाटते. बारीक आसाचे जाळे एका हंगामाची पिल्ले मारते आणि ते बदलता येते. गोड्या पाण्याचा ऋतुक्रमच बदलला तर पिल्ले येण्याचे कारणच उरत नाही.

पाणी कमी झाले तर

याचे जगप्रसिद्ध उदाहरण नाईल नदीचे आहे. आस्वानच्या उच्च धरणात १९६४ नंतर पूर अडविला जाऊ लागला. तोवर दर शरदात पुराबरोबर पोषक द्रव्ये भूमध्य समुद्रात येत आणि मुखाजवळ सार्डिन माशांचे थवे जमत. १९६२ मध्ये सुमारे १८ हजार टन असलेली सार्डिनची पकड १९६८ पर्यंत एक हजार टनांच्याही खाली घसरली. पुढे १९८० च्या दशकात पकड सुधारली खरी, पण तिचे श्रेय अभ्यासक शेतांतील रासायनिक खते आणि शहरांचे सांडपाणी यांतून येणाऱ्या पोषक द्रव्यांना देतात. नदीने फुकट केलेले काम गटारांनी भरून काढले, असे त्याचे वर्णन करता येईल. सिंधू नदीवर १९५५ मध्ये कोटरी बंधारा झाल्यानंतर तेथील पल्ला, म्हणजे हिलसाच, बंधाऱ्याच्या खाली कोंडला गेला आणि त्रिभुज प्रदेशात समुद्राचे खारे पाणी शेतांत घुसले.

आपल्या राज्यात वैतरणा व उल्हास या नद्यांवर हा प्रयोग दीर्घकाळ चालू आहे. मुंबईच्या पाण्यासाठी १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे ऊर्ध्व वैतरणा व भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे एकामागून एक झाली. अर्नाळ्याजवळ वैतरणेच्या मुखाशी जावयाचे पाणी आता मुंबईकरांच्या नळांतून आणि नंतर सांडपाण्याच्या रूपाने माहीम-ठाण्याकडील दुसऱ्याच मुखांतून समुद्रास मिळते. उल्हासच्या खालच्या भागात औद्योगिक आणि नागरी सांडपाण्याची भर पडली. आणि गोड्या पाण्याचा प्रवाह घटला की तेच सांडपाणी खाडीत अधिक दाट होते, हे सांगण्यास रसायनशास्त्रज्ञाची गरज नाही. नव्या वळण योजनांचा विचार करताना या नद्या कोऱ्या पाट्या आहेत असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

अवजल : पाणी वाढले तर

खाडीला गोडे पाणी हवे, तर जितके अधिक तितके उत्तम, असा समज होण्याचा संभव आहे. दाभोळची खाडी त्याचे उत्तर देते. कोयना प्रकल्पाचा पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. कृष्णा खोऱ्यातील पाणी सह्याद्री फोडून पोफळीकडे सोडावयाचे, वीज निर्माण करावयाची आणि ते वाशिष्ठीत सोडून द्यावयाचे, अशी ही रचना. कृष्णा पाणीवाटप लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्यास मुभा दिली. पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त साठा सुमारे ७७ टीएमसी आहे, म्हणजे त्याच्या सुमारे ८८ टक्के इतके पाणी दर वर्षी चिपळूणजवळून खाडीकडे जाऊ शकते. वर्षभर समान वाटले तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत त्याला ‘अवजल’ म्हणतात. काम झालेले, उरलेले पाणी! ते मुंबईस द्यावे, रायगडास द्यावे, अशा सूचना वेळोवेळी होत असतात आणि त्यांत खाडीचा उल्लेख क्वचितच असतो.

शेजारच्या खाड्या एप्रिल-मे महिन्यांत आतपर्यंत खाऱ्या होतात. वाशिष्ठीत मात्र वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार ऐन उन्हाळ्यातही गोडे पाणी येत राहते. म्हणजे जी खूण वर्षातून एकदा, जूनमध्ये मिळावयाची, ती विजेच्या मागणीप्रमाणे केव्हाही मिळते. माशांचा रहिवासी गट हे सहन करील, हंगामी गटाचे गणित चुकण्याचा संभव अधिक. यात लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील रासायनिक सांडपाण्याचा प्रश्न मिसळलेला आहे. खाडीत मासे मरून तरंगण्याच्या घटना आणि त्यावरून दाभोळ खाडीतील मच्छीमारांची आंदोलने गेली अनेक वर्षे चालू आहेत. अशा वेळी अवजल हे विषाला पातळ करणारे औषधही ठरते, आणि उद्या ते पाणी अन्यत्र वळविले तर खाडीतील विषाची तीव्रता वाढेल. साठ वर्षांत खाडीची घडी एकदा बदलली. ती पुन्हा बदलताना खाडीवर जगणाऱ्यांना विचारले पाहिजे.

टेलचे लोक

मराठवाड्यातील वाचकास ही भूमिका पटवून देण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्यास आपण टेलचा शेतकरी म्हणतो. पाणी वरच्यावर संपते आणि त्याच्या वाट्यास कोरडा पाट येतो. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झाले, त्यानंतर वरच्या बाजूस नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत पाणी अडत राहिले आणि तुटीच्या वर्षी नाथसागर भरेनासा झाला. मग २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल आणि २०१६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय, इतका प्रवास करून समन्यायी वाटपाचे तत्त्व प्रस्थापित झाले. वरच्याने खालच्याचा हक्क मान्य करावा, हे ते तत्त्व. नदीच्या अगदी टोकाला खाडी असते. कोळी, गाबीत, खारवी, दालदी, आगरी हे त्या नदीचे टेलचे लोक होत. आपण वरच्यांकडे जो न्याय मागितला तो आपल्या खालच्यांना नाकारला तर आपल्याच युक्तिवादाचा पाया ढासळतो.

हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. म्हादई नदीचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या कर्नाटकाच्या योजनेवर गोव्याने जे आक्षेप घेतले त्यांत मांडवीची क्षारता आणि मासळी हाही मुद्दा होता. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देताना कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी दिले. वाद त्यानंतरही मिटला नाही. गोव्याजवळ निदान मांडवीच्या क्षारतेच्या अनेक वर्षांच्या नोंदी होत्या. वैतरणेच्या किंवा दमणगंगेच्या मुखाविषयी असा वाद उद्या उभा राहिला तर कोणत्या नोंदी पुढे ठेवणार, याचा विचार आजच व्हावयास हवा. दमणगंगेचे व पारचे मुख तर महाराष्ट्राबाहेर आहे.

अभ्यासाची दिशा

वळण योजनांचा विचार करताना ‘किती टीएमसी’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या महिन्याचे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमधील महापुराचा काही हिस्सा काढून घेतल्याने खाडीचे होणारे नुकसान आणि जूनचा पहिला पूर अडविल्याने होणारे नुकसान सारखे नसते. सप्टेंबरनंतर नदीचा प्रवाह ओसरत जातो आणि त्याबरोबर खाऱ्या पाण्याची रेषा हळूहळू वर सरकते. हा ओसरता प्रवाहच अनेक पिल्लांच्या वाढीचा काळ ठरवितो. तेव्हा जूनमधील पहिले आणि सप्टेंबर ते डिसेंबरमधील शेवटचे पाणी सोडून, मधल्या महापुरातून पाणी घेण्याची अट योजनेत घालणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. मात्र त्यासाठी मोठ्या क्षमतेचे पंप व साठे लागतील आणि खर्च वाढेल. हा खर्च योजनेचा खर्च म्हणूनच धरला जावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडील महाविद्यालयांतून तलाव, धरणे व नद्यांतील मत्स्यजातींवर एम.फिल.चे प्रबंध मोठ्या संख्येने झाले आहेत. प्रस्तुत लेखकही त्याच परंपरेतला. या प्रबंधांतील जातींच्या याद्या उपयुक्त असल्या तरी मासा कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात, कोणत्या आकाराचा मिळाला याची माहिती त्यांत पुष्कळदा नसते. खाडीच्या बाबतीत अशी यादी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण तेथे कोण आढळतो यापेक्षा केव्हा आढळतो हेच निर्णायक असते. स्थानिक नावांची नोंदही शास्त्रीय नावाइतकीच काटेकोरपणे व्हावी. अन्यथा जिताडा, खजुरा आणि चोणक हे तीन मासे म्हणून गणले जाण्याचा धोका राहतो.

किनाऱ्यावरील व मराठवाड्यातील महाविद्यालयांनी मिळून एक लहानसा प्रकल्प हाती घेण्यास हरकत नसावी. एका खाडीवर मुख, मध्य आणि माथा अशी तीन ठिकाणे निवडावीत. प्रत्येक महिन्याच्या एका उधाणास व एका भांगास पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी अशा दोन्ही वेळी क्षारता मोजावी. त्याच दिवशी बोक्षी, पाग व फग यांत आलेल्या मासळीची जातवार संख्या व लांबी नोंदवावी आणि कालवे-तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांच्या टोपल्यांचे वजन करावे. क्षारता मोजण्याचे हातातील उपकरण कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. वैतरणेवर हे काम वळण योजनेची कामे सुरू होण्यापूर्वी निदान तीन वर्षे झाले पाहिजे, कारण एका वर्षाच्या नोंदीतून पाऊस कमी पडल्याचा परिणाम आणि पाणी वळविल्याचा परिणाम वेगळे करता येत नाहीत.